पोळ्यावाल्या मावशींसाठी ई-सायकल, जमेल का? (इंदूर)

अन्नपूर्णावाली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी द्वारकापुरीत राहतात. सकाळी साडेसहाला निघतात, राजेंद्र नगरात तीन घरं, मग सिलिकॉन सिटीत एक, मग परत. सगळं मिळून १६-१७ किलोमीटर. शेअर ई-रिक्षाचे एका वेळचे २० प्रमाणे दिवसाचे ६० जातात, म्हणजे २६ दिवसांचे १५६०. चार घरांचे मिळून त्यांना दहा हजार मिळतात, त्यातले दीड हजार रस्त्यातच सांडतात. ज्या दिवशी रिक्षा भरायला वेळ लागतो त्या दिवशी दुसऱ्या घरी उशीर, तिथून तिसऱ्या घरी उशीर आणि बोलणी चारही घरची.

तर विषय असा की आमच्या मंडळाचे यंदाच्या गणपतीचे ६२ हजार शिल्लक आहेत. दरवर्षी शिल्लक कशात जाते ते विचारू नका, मागच्या वर्षी स्टेजचा गालिचा घेतला. माझ्या डोक्यात आलं की यातून दोन ई-सायकली घेऊन मावशींना द्याव्या. मीटिंगमध्ये मांडायच्या आधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हटलं. कोणती घ्यावी, टिकते का, लायसन्स लागतं का, काहीच कल्पना नाही.

जीरावन_भिया

ताई हेतू उत्तम, पण साधी सायकल सहा-सात हजारात येते, ६२ हजारात आठ येतील की. आपल्या आजोबांची पिढी मालवा मिलला, हुकुमचंद मिलला सायकलीवरच जायची, भोंगा वाजला की अख्खा रस्ता सायकलींनी भरायचा म्हणतात. मोटर कशाला पाहिजे त्यात?

अन्नपूर्णावाली

भिया, मावशी ४८ वर्षांच्या आहेत आणि चार घरी ओट्यापाशी उभं राहून रोजच्या सव्वाशे पोळ्या लाटतात. त्यानंतर केसरबागचा ओव्हरब्रिज साध्या सायकलीने चढायचा? एकदा तुम्हीच चढून दाखवा, मी खाली पोहे घेऊन उभी राहते.

जीरावन_भिया

माघार. पोहे मात्र चालतील.

कंट्रोलर_काका

रिटायर झाल्यापासून हाच धंदा करतोय म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही, इन्शुरन्सही नाही. अट अशी की मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि मॉडेल एआरएआय किंवा आयकॅटसारख्या टेस्टिंग एजन्सीकडून पास झालेलं. दुकानदार "मॅडम, चाळीसचा स्पीड काढून देतो" म्हणाला तर तिथून उठा. तशी गाडी कायद्याने सायकल राहत नाही, पुढे ॲक्सिडेंट झाला तर मावशी अडकतील.

चांगली चालण्यातली सायकल आज २८-३० हजाराला पडते. त्यात ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असते, म्हणजे साधारण २८० वॉट-अवर, चार्जरमध्ये वाया जातं ते धरून एका फुल चार्जला पाव ते एक तृतीयांश युनिट. बॉक्सवर ५० किलोमीटर लिहिलेलं असतं, तुम्ही पॅडल मारत राहिलात तर २५-३० धरा. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता मूठ पिळून चालवली तर त्याहूनही कमी. मावशींचे १७ किलोमीटर आरामात होतील. लेड ॲसिडवाली स्वस्त मिळते पण घेऊ नका, ती बॅटरी जड असते आणि लवकर बसते.

आता कोणी सांगत नाही ते ऐका. एक, दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरते. माझ्या बायकोच्या सायकलीची बदलायला मला १० हजार पडले. आणि गंमत बघा, अख्खी ई-सायकल घेतली तर जीएसटी ५ टक्के, साध्या सायकलीवरचा पण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ झाला, पण तीच बॅटरी सुटी घेतली की १८. म्हणजे जो जुनी गाडी सांभाळून वापरतो त्यालाच भुर्दंड. दोन, मागच्या चाकात हब मोटर असते, ॲक्सलमधून वायर बाहेर येते. ती बघून अर्धे पंक्चरवाले हात वर करतात. साधं पंक्चर चाक न काढताही निघतं, टायर एका बाजूने सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, पण ट्यूब बदलायची वेळ आली की चाक उतरवायलाच लागतं आणि त्याला मोठा पाना लागतो, बहुतेक मोटरांना १८ नंबरचा. तीन, साडी. स्टेप-थ्रू फ्रेम घ्या, म्हणजे दांडा नसलेली, आणि चेन कव्हर व साडी गार्ड दुकानातच लावून घ्या.

किटही मिळतं, जुन्या सायकलीला मोटर लावायचं. स्वस्त पडतं, पण सायकलीचे ब्रेक मोटरच्या वेगाचे नसतात. मी लावून देत नाही.

राजवाडा_रिटर्न

काका, दंडवत.

सेक्टर_ई_वाला

काकांचं सगळं बरोबर, पण बॅटरी चार्ज कुठे करणार? माझ्या घरामागच्या गल्लीत दहा बाय दहाच्या खोल्या आहेत, भाडेकरूंना सबमीटर आणि मालक युनिटला १० रुपये लावतो. वर ई-स्कूटरला आग लागल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, आमच्या शेजाऱ्याने तर भाडेकरूला सरळ सांगितलंय, बॅटरी घरात आणायची नाही.

दुसरं, आपल्याकडे अटल गृह ज्योती या वीजबिलाच्या योजनेत महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिली १०० युनिटं १०० रुपयात मिळतात. सायकलीची महिन्याची नऊ-दहा युनिटं तशी किरकोळ, पण ज्याचं मीटर १४५ वर असतं त्याची ती सवलतच जाईल. आपल्याला हे आकडे दिसत नाहीत, तिथे रोज त्यावर नजर असते. माझ्याकडे पूर्वी धुणंभांडी करणाऱ्या काकू कूलर किती तास लावायचा ते मीटर बघून ठरवायच्या.

कंट्रोलर_काका

मुद्दा मान्य. म्हणून काढता येणारी बॅटरी घ्या, किल्ली फिरवली की हातात येते, दोन-अडीच किलोची असते. पोळ्या करेपर्यंत ताईंच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लागली तर मालकाची कटकट नाही आणि मीटरचीही नाही. तीन-चार तासात लाल लाइटचा हिरवा होतो. नियम दोनच, तिच्याबरोबर आलेलाच चार्जर आणि रात्री झोपताना पलंगाखाली लावून ठेवायची नाही.

हिशेबनीस

बँकेत ३१ वर्षं काढली त्यामुळे सवयीने पैशाकडेच बघतो. काकांनी सांगितलं की नंबर लागत नाही, आरसी नाही. ग्राहकाला ती सोय आहे, कर्जाच्या टेबलावर तीच अडचण होते. स्कूटरचं कर्ज देताना बँक आरसीवर स्वतःचा बोजा चढवते, हप्ता थकला तर गाडी सापडते. ई-सायकलीला आरसीच नाही तर बोजा कशावर चढवणार? मग उरतं पर्सनल लोन, त्याला सिबिल बघतात, आणि मावशींचा सिबिल म्हणजे कोरी पाटी.

सबसिडीचंही तसंच. केंद्राच्या ई-गाड्यांच्या सबसिडीत, फेम-२ मध्ये ई-सायकल नव्हती, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये जाहीर केली होती, पहिल्या १० हजार सायकलींना किमतीच्या २५ टक्के, साडेपाच हजारांच्या आत. आपल्या मध्य प्रदेशात २०२३ ला सरकारी शाळांतल्या बारावीच्या टॉपर मुलामुलींना ई-स्कूटीसाठी १ लाख २० हजार दिले, फार चांगलं केलं, पण पोळ्या लाटण्यात कोणी टॉपर काढत नाही. पथविक्रेत्यांना स्वनिधीचं विनातारण कर्ज आहे, पहिला हप्ता आता १५ हजारांपर्यंत मिळतो, भाजीवाली असती तर मीच फॉर्म भरून दिला असता. घरकामवाली त्यात बसत नाही.

डेन्व्हरकर_मूळचा_रामबागचा

इकडे अमेरिकेत डेन्व्हरला २०२२ च्या एप्रिलपासून सिटीने ई-बाइकचं व्हाउचर द्यायला सुरुवात केली. तेव्हा सगळ्यांना ४०० डॉलर पण कमी उत्पन्नवाल्यांना १२०० होते, सामानाची मोठी सायकल असेल तर वर ५०० अजून. आणि ते पैसे दुकानातच बिलातून वजा व्हायचे. मला हे शेवटचं जास्त महत्त्वाचं वाटतं, आधी पूर्ण भरा मग वर्षभराने परत घ्या म्हटलं तर ज्याच्याकडे पैसे आहेत तोच घेणार ना.

तीनचाकी

सगळा धागा वाचला. व्होल्टेज कळलं, जीएसटी कळला, डेन्व्हरपर्यंत जाऊन आलो. मावशींना विचारलंय का कोणी?

राग येऊ देऊ नका. मला लहानपणी पोलिओ झाला, दोन चाकांवर तोल राहत नाही. एका शिबिरात हार घालून, फोटो काढून मला मोटरवाली ट्रायसिकल दिली होती. केंद्राच्या एडिप या अपंगांना साधनं द्यायच्या योजनेत तेव्हा तिला २५ हजारांपर्यंत अनुदान असायचं, वरचे कुठल्या तरी निधीतून जोडायचे. गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण माझ्या घराचं दार २८ इंची आणि गाडी त्याहून रुंद. कोणी मोजलं नव्हतं. पावसाळाभर ती रस्त्यावर भिजली, लेड ॲसिडच्या बॅटऱ्या दीड वर्षात गेल्या, नव्या घ्यायला कोणताच निधी नव्हता. तिची सीट काढून आता आई अंगणात बसते.

आता आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनचं व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक येतं, घरात आलं की चाक सोडवायचं, व्हीलचेअर आत. मला ते हवंय. दारात बसतं म्हणून हवंय.

अन्नपूर्णावाली

नाही विचारलं. खरंच नाही विचारलं. उद्या विचारते.

जीरावन_भिया

(शांतता)

अन्नपूर्णावाली

दोन दिवस मुद्दाम लिहिलं नाही. तीनचाकी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मी चहा ठेवला आणि विचारलं. पहिलं उत्तर, "ताई, मला सायकल येतच नाही." मी मूर्खासारखी हसले. त्यांच्या गावी धारकडे मुलींना कोणी सायकल शिकवलीच नाही, शाळेतून सायकली मिळायला लागल्या तेव्हा यांचं लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मग म्हणाल्या, शिकेन की, पोळ्या पण शिकलेच.

दुसरं, एका घराच्या गेटवर गार्ड आत गाडी लावू देत नाही, "काम करनेवाली की गाड़ी बाहर". बाहेर ठेवली तर संध्याकाळपर्यंत राहील का? राजेंद्र नगरात बंगल्यांची घरं आहेत तिथे प्रश्न नाही.

तिसरं मात्र माझ्या डोक्यातच आलं नसतं. म्हणाल्या, "गाडी माझ्या नावावर राहील का?" मोठा मुलगा १९ वर्षांचा आहे, डिलिव्हरीचं काम शोधतोय. घरात मोटरची कुठलीही वस्तू आली की ती त्याची, शिलाई मशीन सोडून. मी काय सांगणार? आरसी नाही म्हणजे नाव कुठे लिहिणार? आपण लायसन्स नको, नंबर नको म्हणून खूश होत होतो आणि त्यांना नेमका तो कागद हवा होता.

हिशेबनीस

बिल त्यांच्या नावाने करा, आधारप्रमाणे पूर्ण नाव. बिलावर फ्रेम नंबर आणि मोटर नंबर लिहून घ्या, चोरीची तक्रार द्यायलाही तेच लागतं. वॉरंटी कार्डावरही त्यांचंच नाव टाका. आरसीइतकं वजन नाही, पण घरात दाखवायला कागद होतो.

आणि फुकट देऊ नका असं माझं मत. फुकट वस्तूवर देणाऱ्याचा हक्क राहतो. उद्या मंडळातलंच कोणी म्हणेल, मावशी आपल्या सायकलीवर आहेत तर जरा दळण आणून द्या.

राजवाडा_रिटर्न

हिशेबनीस साहेब पटलं नाही. स्टेजचा गालिचा फुकट चालतो आणि सायकल दिली की लगेच स्वाभिमान आठवतो का? आपल्या पोरांना ॲक्टिव्हा घेऊन देताना कोणी हप्ता लावला होता?

हिशेबनीस

मला लावला होता वडिलांनी, पण तुमचा टोला लागला. मावशींनाच विचारा म्हणजे वाद नको, या धाग्यावर तेवढं तरी शिकलो.

अन्नपूर्णावाली

विचारलं. त्यांची भिशी आहे!! १६ बायकांची, सगळ्या घरकामवाल्या, दर महिन्याला १२५० टाकतात. साडेबाराशेच का तर भिशी ठरली तेव्हा सरकारच्या लाडली बहना योजनेचे महिन्याला तेवढे खात्यात यायचे, आले की नवऱ्याच्या नजरेस पडायच्या आत भिशीत. सोळा जणींचे होतात २० हजार. सायकल २९ ची, मंडळाने वरचे ९ घालायचे. जिची चिठ्ठी निघेल आणि जिला सायकल हवी तिला ९ मिळणार, जिला नको ती नेहमीसारखी रोख घेऊन जाईल. मंडळाच्या ६२ त सहा सायकलींचे ५४ बसतात, वरचे ८ हजार पाने, पंप, ट्यूब आणि पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीला. हा हिशोब हिशेबनीसांचा नाही आणि माझाही नाही, मावशींनी डब्याच्या झाकणावर पिठाने करून दाखवला.

सेक्टर_ई_वाला

पिठाने! त्यांना मंडळाचा खजिनदार करा.

लष्करची_सून

मी ग्वाल्हेरहून वाचतेय, आज राहवलं नाही. शिकण्याचं अवघड वाटत असेल तर तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईचं आठवा. १९९१-९२ मध्ये तिथे साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवणंही घेतलं होतं, शीला राणी चुंकत कलेक्टर होत्या. लाखावर बायका शिकल्या म्हणतात, शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, नर्स, सगळ्या. मुलांना पुढच्या दांड्यावर बसवून, मागे पाण्याचे हंडे लावून जायच्या.

मोठ्या वयात शिकवायचं असेल तर मागून धरून पळू नका, दोघंही पडता. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील, पॅडल काढून ठेवा आणि पायांनी ढकलत ढकलत जाऊ द्या. तोल आला की मग पॅडल. मी ४१ व्या वर्षी अशीच शिकले, सासूबाई गच्चीतून बघत होत्या त्यामुळे पडायचीही सोय नव्हती.

कंट्रोलर_काका

अगदी बरोबर. आणि शिकताना बॅटरी काढून घरी ठेवा. घाबरला माणूस मूठ आवळतो, मूठ म्हणजे थ्रॉटल. नंतर चालवतानाही पहिला महिना थ्रॉटल बंद, फक्त पॅडल असिस्ट, म्हणजे पॅडल मारताना मोटरची मदत, तीही एकवर. ब्रेक दाबला की मोटर बंद होते ना, हे घेतानाच बघून घ्या, दोन्ही लिव्हरचं.

अन्नपूर्णावाली

दिवाळीनंतरची खबर. मीटिंगमध्ये अडीच तास वाद झाला. एकाने विचारलं की याचा गणपतीशी काय संबंध, तर आमच्या सर्वात ज्येष्ठ आजी म्हणाल्या, बाप्पा स्वतः उंदरावर फिरतो, त्याला मोटर नसल्याचं दुःख तोच जाणे. ठराव पास.

तीन रविवार शाळेच्या मैदानावर सकाळी सात ते नऊ. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या, त्यांच्यात साडी कशी खोचायची यावरच अर्धा तास गेला, शेवटी दोघी मुलींचे सलवार घालून आल्या आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं. आमच्या मावशी दुसऱ्या रविवारी पाय उचलून गोलपोस्टपासून झेंड्याच्या ओट्यापर्यंत गेल्या. थांबायचं कसं ते विसरल्या आणि ओट्यावरच जाऊन आदळल्या. गुडघा फुटला. मी धावले तर बसल्या जागी हसत होत्या आणि म्हणत होत्या, "ताई, बघितलं का, बघितलं का?"

पाचातल्या तिघी शिकल्या. एकीला चक्कर येते म्हणून सोडून दिलं. एकीचं येणं तिच्या नवऱ्याने बंद केलं, त्यावर मी काही करू शकले नाही.

पहिली चिठ्ठी आमच्या मावशींची नव्हती निघाली. जिची निघाली तिला मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, पण तिने नंबर बदलून दिला, तिची फी डिसेंबरात आहे म्हणून. बिल मावशींच्या नावावर. किल्ल्या दोन आल्या, एक त्यांच्या मंगळसूत्रात ओवलेली आणि एक माझ्याकडे ठेवायला दिली, मुलगा मागायला आला तर ताईंकडे आहे म्हणून सांगणार.

तीनचाकी

वाचून बरं वाटलं. गार्डचं काय झालं?

अन्नपूर्णावाली

तो नाहीच म्हणतो. मावशींनी ते घर सोडलं. सिलिकॉन सिटीतच दुसरं मिळालं, ३०० जास्त, आणि तिथल्या बाईंनी पोर्चमध्ये प्लग पॉइंट दाखवला. तुमच्या जोडणीच्या चाकाचं मी मंडळात काढलंय. यंदा पैसे संपलेत, पण पुढच्या वर्षी गालिचा नको यावर बहुमत आहे. तुम्ही मापं पाठवून ठेवा, दाराची पण.

तीनचाकी

दार २८ इंच. उंबरा दोन इंच, तो पण लिहून घ्या.

जीरावन_भिया

मी काल केसरबाग ब्रिज साध्या सायकलीने चढलो. अर्ध्यात उतरलो. शेजारून एक बाई पाठीला डबा लावून मोटरवर सुर्रकन गेल्या, मावशी असतील तर माझा नमस्कार सांगा. पोहे कधी?

अन्नपूर्णावाली

पोहे नंतर. धागा वर काढतेय कारण आज सकाळी मावशींचं मागचं चाक बसलंय, खिळा लागून ट्यूब फाटली, पॅच बसत नाही. फूटी कोठीच्या दोन्ही पंक्चरवाल्यांनी वायर बघून हात लावला नाही. काका गावाला गेलेत. आमच्या पेटीत १७ चा पाना आहे, १९ चा आहे, १८ चाच नाही. राजेंद्र नगर, अन्नपूर्णा, सुदामा नगर भागात कोणाकडे असेल तर चारच्या आत सांगा, पाचला त्यांना सिलिकॉन सिटीत पोचायचंय.

सेक्टर_ई_वाला

माझ्याकडे आहे. निघतोय.